डोळा नको, पोट बसवा!

वर्कशॉप कुठलंही असो, मागच्या बाजूला भंगार साठतं आणि पुढच्या बाजूला किस्से. भंगार निदान वर्षातून एकदा भंगारवाला उचलून नेतो. किस्से कोण नेणार? ते तसेच पडून राहतात, एकावर एक. चार मित्र जमले, चहा आला, की मी त्यातला एखादा ओढून काढतो आणि बाकीचे आपोआप घरंगळत खाली येतात!

आमचं वर्कशॉप हुबळीला गोकुळ रोडवर. मालक अण्णा. त्यांचं आडनाव बिलावर असायचं, तोंडात कुणाच्याच नाही. माणूस पन्नाशीचा, जाड चष्म्याचा, आणि प्रत्येक गोष्टीला "का?" विचारणारा. फिटर इराप्पा अळणावरजवळच्या खेड्यातला. घरी कन्नड, आमच्याशी मराठी, आणि हातोडी बोटावर बसली की दोन्ही! मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, धारवाडहून रोज येणारा.

आणि चौथ्या सुमित्राक्का. ट्रान्सफॉर्मरची कॉइल गुंडाळायचं काम त्यांच्याकडं. लहानपणी देवी आल्या आणि दोन्ही डोळे गेले. पण बाराशे वेढे म्हटले की बाराशेच. एकदा मी मशीनवर मोजून बघितले आणि एक कमी निघाला. मी आनंदानं सांगायला गेलो. अक्का मला तम्मा म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ. म्हणाल्या, "तम्मा, मशीन बघून घ्या." बघितलं. मशीन एक वेढा खात होतं!

* * *

तर नव्वदच्या दशकात, मधल्या कुठल्यातरी वर्षी, आम्हाला एक विचित्र ऑर्डर आली. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्याला आपोआप चालणारा गाडा पाहिजे होता. स्टोअरमधून माल घ्यायचा आणि अ‍ॅसेंब्लीपर्यंत न्यायचा. ड्रायव्हर नको, ढकलणारा नको.

अण्णांनी "हो" म्हणून टाकलं. कसं करायचं ते नंतर ठरवलं.

फरशीवर पांढरी पट्टी चिकटवायची. गाड्याच्या नाकाखाली आम्ही प्रकाश ओळखणारे दोन डोळे बसवले. पट्टी डावीकडं सरकली की गाडा डावीकडं, उजवीकडं सरकली की उजवीकडं. इराप्पानं सांगाडा जोडला, आणि ओझं वाहणारा म्हणून त्याचं नावही ठेवलं, बसवण्णा. त्यांच्या गावात बैलाला प्रेमानं हेच म्हणतात.

बसवण्णा चालला! अण्णांनी पेढे आणले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तो ड्रिल मशीनपाशी थांबला, दोनदा मान हलवल्यासारखं केलं, आणि पट्टी सोडून सरळ भिंतीकडं निघाला.

तिसऱ्या दिवशीही अकरा वाजता, तिथंच. चौथ्या दिवशीही. दुपारी मात्र शहाण्यासारखा चालायचा. मी सर्किट तीनदा उकलून जोडलं. इराप्पा म्हणाला, "अण्णा, ह्याला त्या जागेवर काहीतरी दिसतं बघा. उतारा टाकू या का?"

सुमित्राक्का आपल्या जागेवर कॉइल गुंडाळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "ड्रिलपाशी होय? अकरा वाजता पाणी प्यायला जाते तेव्हा तिथं माझ्या पावलाला ऊन लागतं. एवढंच. रुपयाएवढं."

आम्ही वर बघितलं. पत्र्याला एक भोक होतं. त्यातनं उन्हाचा एक कवडसा बरोबर अकरा वाजता पट्टीशेजारी उतरायचा आणि आमचा बसवण्णा त्यालाच पट्टी समजायचा!

आम्ही तिघं डोळस. चार दिवस त्या फरशीवर डोळे फाडून बसलो होतो.

* * *

त्याच वर्षीची खंडेनवमी. सगळ्या मशिनी धुऊन पुसून, त्यांना हार, कुंकू. वहिनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, सकाळीच आल्या आणि लेथभोवती त्यांनी सुंदर गोल रांगोळी काढली. मोठी, ठसठशीत, पांढरीशुभ्र.

पूजा झाली, कोहळा फुटला. अण्णा म्हणाले, "बसवण्णाला आज एक शुभ फेरी मारू दे."

मी बटण दाबलं. बसवण्णा पट्टीवरून निघाला, लेथपाशी आला, रांगोळी बघितली... आणि वळला! रांगोळीची रेघ नाकाखाली, चाकं दोन्ही बाजूंनी. गळ्यात झेंडूचा हार घालून तो लेथला प्रदक्षिणा घालायला लागला. एक झाली. दोन झाल्या. शेजारच्या शेडमधली माणसं धावत आली. कुणीतरी खरोखर हात जोडले. इराप्पा नुसता "यप्पा! यप्पा!" करत होता.

अण्णा बटण बंद करायला वाकले, तर वहिनींनी त्यांचा हात धरला.

"थांबा हो! पाचच झाल्यात. सात होऊ देत!"

* * *

सुमित्राक्का धारवाडला भावाकडं राहायच्या. माझं घर सुभाष रोडच्या मागं. त्यामुळं आम्ही बहुतेक रोज एकाच बसनं यायचो. त्या खिडकीशी, मी शेजारी. मी झोपायचो, त्या जाग्या. माझा थांबा आला हे मला त्याच सांगायच्या, आता काय लपवायचं!

एके दिवशी जाग आली ती आरडाओरड्यानं. हमरस्त्यावर लॉरी उलटली होती म्हणून ड्रायव्हरनं बस आडबाजूला घातली होती. ड्रायव्हर विजापूरकडचा, बदली होऊन आठवडासुद्धा झालेला नव्हता. बाहेर धुळीचा लोट, काचा सगळ्या बंद. कोण म्हणतंय डावीकडं घ्या, कोण म्हणतंय मागं फिरवा. आणि सगळे शिंकतायत!

"अमरगोळ," सुमित्राक्का म्हणाल्या. "मार्केट यार्डाची भिंत आली. मिरचीची पोती उतरवतायत."

हे नाकाचं काम. मला फार नवल वाटलं नाही. पण पुढं त्यांनी बोट केलं. "धारवाड तिकडं राहिलं. हुबळी ही अशी. तीन वळणं झाली. पहिलं मोठं, दुसरं लहान, तिसरं अर्धंच."

बस वळली. त्यांचं बोट हवेतच होतं, तेही वळलं. पुन्हा बस वळली, पुन्हा बोट. देवळात निरांजन घेऊन चालताना आपण ज्योत सांभाळतो ना, तसं त्या बोटाला त्यांनी हुबळीकडं धरून ठेवलं होतं. मागच्या सीटवरचा एक वकील काच सरकवून सूर्य बघून खात्री करत होता. "बरोबर आहे! ह्या वेळेलाही बरोबर आहे!"

"अक्का, कसं कळतं तुम्हाला?" मी विचारलं.

"बस वळली की पोट वळतं," त्या म्हणाल्या. "तुमचं वळत नाही?"

मी पोटाकडं लक्ष देऊन बघितलं. माझं पोट भुकेशिवाय कशाबद्दलच बोलत नव्हतं.

आणि तेवढ्यात बस एका तिठ्यावर येऊन थांबली. ड्रायव्हरनं मान मागं वळवली. सगळी डोळस बस ओलांडून त्याची नजर त्या खिडकीपाशी थांबली.

"अक्का," तो कन्नडमध्ये अदबीनं म्हणाला, "आता कुठं वळवू, सांगा."

* * *

अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. फार हलले की ते असं करायचे.

"सहा महिने आपण बसवण्णाला डोळा बसवतोय," ते म्हणाले. "आणि तो एका कवडशाला फसतो, रांगोळीला फसतो. अरे, डोळा नको. ह्याला पोट बसवा!"

मग आम्ही पोट बसवलं. दोन्ही चाकांना बारीक भोकांच्या चकत्या, आणि चाक किती फिरलं ते मोजणारी एक चिप. डावं चाक जास्त फिरलं म्हणजे गाडा उजवीकडं वळला, इतका साधा हिशेब. त्यावरनं बसवण्णानं स्वतःच ओळखायचं, आपण निघाल्यापासून किती चाललो, कुठं वळलो, आणि आता कुठं आहोत. पट्टीची गरजच नाही!

पहिल्या दिवशी तो निघाला आणि ओल्या सिमेंटवर मांजर चालतं तसा अगदी जपून चालला. वळला. पुन्हा वळला. आणि संडासाच्या भिंतीवर नाक टेकवून उभा राहिला. मग त्यानं घंटी वाजवली. "पोचलो, माल उतरवून घ्या" अशी ती घंटी.

वाटेत फरशीवर तेल सांडलं होतं. तिथं एक चाक जागच्या जागी फिरलं, आणि ते फिरणंसुद्धा त्यानं चाललेल्यात धरलं.

"चुकला की हा!" मी म्हणालो.

इराप्पानं त्याची बाजू घेतली. "तो कुठं चुकला? तो त्याच्या हिशेबानं बरोबर पोचलाय. भिंतच मध्ये आलीय!"

बसवण्णा घंटी वाजवतच होता. इतक्या खात्रीनं की मला क्षणभर वाटलं, खरंच उतरवून घ्यावा का माल?

सुमित्राक्का हसत होत्या. "माझं पण असंच होतं," त्या म्हणाल्या. "नुसतं पोटावर गेलं की थोडं थोडं चुकत जातं. म्हणून मी वीस-पंचवीस पावलांनी काहीतरी हाताला लागेल असं बघते. खांब, दार, नळ. हाताला लागलं की मागची चूक धुऊन निघते. पुन्हा पहिल्यापासून."

अण्णांनी ते वाक्य खडूनं भिंतीवर लिहून ठेवलं. त्या आठवड्यात आम्ही फरशीवर ठरावीक अंतरावर पांढरे आडवे पट्टे मारले. बसवण्णा पोटावर चालायचा आणि पट्टा लागला की चूक धुऊन घ्यायचा. तेल सांडा, पाणी सांडा, तो पोचायचा.

आमच्या गाड्याचं डिझाइन कुणी केलं, असं कारखान्यातल्या साहेबांनी विचारलं, तेव्हा अण्णांनी कॉइलच्या टेबलाकडं बोट दाखवलं. साहेबांना वाटलं, अण्णा चहा मागवतायत!

* * *

अण्णांना आता पोटाचं वेड लागलं. बैलाला पोट असतं का? कबुतराला असतं का? एका रविवारी ते घराच्या गच्चीवर चढले ते उतरेचनात. मी काही कामाला गेलो होतो. वहिनी जिन्यातच भेटल्या.

"बघा तुम्हीच. लोक रविवारी बायकोला सिनेमाला नेतात. हे मुंगळ्याला घरी पोचवायला गेलेत!"

वर अण्णा उन्हात उकिडवे बसलेले. एक काळा मुंगळा, त्याच्या पाठीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका. त्याचं बीळ कठड्याच्या फटीत. तो शोधत शोधत, वेडावाकडा फिरत, गुळाच्या खड्यापर्यंत आलेला. आणि गुळाचा कण तोंडात धरल्यावर जो निघाला तो सरळ! पट्टीनं आखल्यासारखा, थेट फटीत. आल्या वाटेनं नव्हे. ती वाट केवढी नागमोडी होती!

"आता बघ," अण्णा म्हणाले. पुढच्या खेपेला मुंगळ्यानं गूळ उचलला तसं त्यांनी त्याला अलगद काडेपेटीत घेतलं आणि दहा फूट बाजूला नेऊन सोडलं.

मुंगळा क्षणभर थांबला. मग निघाला. पूर्वीच्याच दिशेला, पूर्वीइतकाच. आणि जिथं फट असायला पाहिजे होती तिथं, कोऱ्या फरशीवर, येऊन थांबला. तिथं काहीच नव्हतं. तो गोल फिरायला लागला. लहान गोल, मग मोठा, मग आणखी मोठा.

"बसवण्णा!" मी म्हणालो. "घंटी तेवढी राहिली!"

पण अण्णा हसले नाहीत. देवळाच्या गाभाऱ्यातून बाहेर येणाऱ्या माणसाचा चेहरा असतो, तसा त्यांचा झाला होता.

"आपल्या दोघांचे हात लागले, चिप लागली, वर्ष लागलं," ते हळू म्हणाले. "ह्याचं डोकं मोहरीएवढंसुद्धा नाही रे."

मग त्यांनी मुंगळ्याला काडेपेटीत घेतलं, फटीपाशी नेऊन सोडलं, आणि उठताना म्हणाले, "माफ कर हं." मला नव्हे. त्याला!

* * *

बसवण्णा कारखान्यात रुजू झाला. महिन्यानं तिथून पत्र आलं. कोऱ्या लेटरहेडवर टाइप केलेलं: आपल्या गाडीतून अनधिकृत प्रवासी वाहतूक होत आहे, तरी त्वरित लक्ष द्यावे.

अण्णा आणि मी गेलो. प्रवासी म्हणजे एक तांबडा कुत्रा! कारखान्याच्या आवारातलाच. बसवण्णाला दोन वाटा भरून दिल्या होत्या. एक अ‍ॅसेंब्लीची, आणि दुसरी साहेबांच्या हौसेखातर कँटीनची, चहाचे थर्मास आणायला. तर हा कुत्रा कँटीनच्या फेरीला गाड्यावर बसून जायचा, तिथं काय मिळेल ते खायचा, आणि थर्मासशेजारी बसून परत यायचा. अ‍ॅसेंब्लीच्या फेरीला एकदाही बसायचा नाही.

"ह्याला कसं कळतं?" साहेब विचारत होते. "आम्ही वेळ बदलून बघितली. रिकामा गाडा पाठवून बघितला. फसत नाही!"

अण्णा स्टूल घेऊन बसले. पूर्ण दिवस. संध्याकाळी उठले तेव्हा चष्मा पुसत होते.

स्टोअरपासून थोड्या अंतरावर दोन वाटा फुटायच्या. कुत्रा त्या फाट्यावर पडून राहायचा, डोळे अर्धे मिटून. गाडा अ‍ॅसेंब्लीकडं वळला की पडूनच. कँटीनकडं वळला की उडी!

"आपण बसवण्णाच्या डोक्यात दोन अख्ख्या वाटा भरल्या," अण्णा म्हणाले. "ह्या गृहस्थानं एकच जागा पाठ केली. नेमकी पाहिजे तीच!"

"मग आता काय करायचं?" साहेबांनी विचारलं.

"पास काढून द्या त्याला."

* * *

दोन हजार सालानंतर आम्ही जागा बदलली. गोकुळ रोडवरच, थोडं पुढं, स्वतःचं शेड. पहिल्या दिवशी सगळेच अडखळत होते. सुमित्राक्कांनी हाताची उलटी बाजू भिंतीला लावली आणि शेडला सावकाश एक फेरी मारली. मग म्हणाल्या, "अण्णा, हे चौकोनी नाही."

गवंडी तिथंच होता, राहिलेलं प्लॅस्टर करायला. त्याला राग आला. "बाई, गुण्या लावून बांधलंय मी!"

"बांधलं असेल. मागच्या भिंतीला माझं पाऊल अर्धवट उरतं."

टेप काढला. मागची भिंत पुढच्यापेक्षा नऊ इंच जास्त! गवंड्यानं स्वतः पुन्हा मोजलं. नऊच. तो बराच वेळ टेप गुंडाळत बसला. जाताना अण्णांना बाजूला घेऊन कुजबुजला, "सोमवारी एका बंगल्याचा पाया घ्यायचाय. अक्का रिकाम्या आहेत का?"

* * *

आता पुढचं सांगताना मला जरा वेळ लागतो. चहा घ्या मध्ये.

एका सकाळी अण्णा दाढी करता करता न्हाणीघरात पडले. मेंदूत रक्ताची गुठळी. हॉस्पिटलात पंधरा दिवस. हात चांगले, पाय चांगले, बोलणं स्वच्छ. आम्ही सगळे म्हणालो, सुटलो!

पण अण्णांचं "कुठं" गेलं होतं.

घराचा फोटो दाखवला की लगेच म्हणत, "हे माझं घर." वहिनींना ओळखत, मला ओळखत, रेझिस्टरची किंमत पैशापर्यंत सांगत. पण खोलीतून बाहेर पडायचं दार कुठल्या बाजूला, हे सांगता येईना. डॉक्टरांनी कागद दिला, "घराचा नकाशा काढा." ज्या माणसानं आयुष्यभर ड्रॉइंग काढली, त्यानं एक चौकोन काढला आणि पेन्सिल खाली ठेवली.

डॉक्टर म्हणाले, "वस्तू ओळखणारा भाग शाबूत आहे. दिशा सांगणाऱ्या भागाला इजा झालीय. किती परत येईल, सांगता येत नाही."

तीन महिन्यांनी वहिनी त्यांना वर्कशॉपला घेऊन आल्या. अण्णा लेथपाशी उभे राहिले. "हा लेथ," ते म्हणाले. "हा इराप्पा. ही कॉइल, ह्या सुमित्राक्का." मग इकडं तिकडं बघितलं. "पण अरे, माझं ऑफिस कुठं गेलं?"

ऑफिस त्यांच्या पाठीमागं होतं. चार हातांवर.

इराप्पा तोंड फिरवून हातोडी शोधायला लागला. हातोडी त्याच्या हातातच होती!

दुसऱ्या दिवशी आम्ही आलो तेव्हा फरशीवर पांढरी पट्टी होती. गेटपासून अण्णांच्या खुर्चीपर्यंत, खुर्चीपासून नळापर्यंत, नळापासून संडासापर्यंत. इराप्पानं सकाळी लवकर येऊन, बसवण्णाच्या उरलेल्या रिळातली ती चिकटवली होती.

अण्णांनी ती बघितली. पट्टीवरनं हळूहळू चालत खुर्चीपर्यंत आले. बसले. आणि म्हणाले, "इराप्पा, मला बसवण्णा केलास होय रे?"

आणि हसायला लागले. आम्ही हसलो. वहिनी हसल्या. इराप्पा तेवढा रडत होता.

"रडू नको," अण्णा म्हणाले. "फक्त खंडेनवमीला रांगोळी काढू नका म्हणजे झालं!"

* * *

पट्टीवर सात-आठ महिने गेले. अण्णा रोज यायचे. वहिनी रिक्षानं सोडायच्या, संध्याकाळी घ्यायला यायच्या. पट्टी असेल तेवढंच त्यांचं जग. पट्टीबाहेर पाऊल पडलं की घाबरून जागच्या जागी उभे राहायचे. "का?" विचारायचंही त्यांनी सोडलं होतं. मला त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

एक दिवस संध्याकाळी साडेपाचला सुमित्राक्का काम आवरून उठल्या. पिशवी घेतली, काठी घेतली, आणि दाराकडं जायच्याऐवजी अण्णांच्या खुर्चीपाशी आल्या.

"अण्णा, डोळे मिटा."

"का?" अण्णा म्हणाले. किती दिवसांनी!

"मिटा तर."

अण्णांनी मिटले.

"आता उठा आणि नळापाशी जा."

"अहो, पट्टी दिसणार कशी?"

"दिसायला नकोच आहे."

"पडेन मी."

"मी पडले का कधी?"

अण्णा उठले. खुर्चीचा हात सोडला. थोडा वेळ तसेच उभे. मग एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. इराप्पा धरायला धावला, मी त्याला मागं ओढलं. अण्णा पट्टीवरनं जातच नव्हते! पट्टी खांबाला वळसा घालून नळाकडं जायची. अण्णा ड्रिल आणि रॅकच्या मधनं तिरके, जवळच्या वाटेनं गेले. हात पुढं केला. नळ हाताला लागला.

"ऑफिस?" अक्कांनी विचारलं.

अण्णा वळले आणि डोळे मिटून ऑफिसच्या दारात जाऊन उभे राहिले.

वर्कशॉपमधले सगळे हातातलं काम टाकून बघत होते. वरचा पंखा तेवढा फिरत होता.

"आता मला थांब्यापर्यंत सोडा," सुमित्राक्का म्हणाल्या. "उशीर झालाय."

मी मध्ये पडणार होतो. थांबा चारशे पावलांवर, रस्त्याच्या आमच्याच बाजूला, पण गोकुळ रोड तो! टेंपो, सायकली, दुकानांच्या पायऱ्या, मध्येच उचकटलेल्या फरश्या. अण्णा मात्र निघालेसुद्धा होते. डोळे गच्च मिटलेले. अक्कांनी काठी घडी करून पिशवीत टाकली आणि त्यांचं कोपर धरलं. आंधळी माणसं धरतात तसं, मागून, अर्धं पाऊल मागं राहून.

मी आणि इराप्पा मागोमाग. दोघांचेही हात पुढं, पडलं तर धरायला.

गेटातनं बाहेर. डावीकडं. वेल्डिंगच्या दुकानापुढं लोखंडी अँगल आडवे पडलेले असतात. अण्णा तिथं आपोआप रस्त्याच्या बाजूला झाले आणि पुन्हा आत आले. पुढं फरशी खचलेली. तिथं पाय उचलून टाकला. ट्रान्सफॉर्मरचा खांब आला. एक हात लांब ठेवून वळसा घातला.

"अक्का," मी मागनं हळूच विचारलं, "तुम्ही नेताय ना त्यांना?"

"नाही, तम्मा," त्या म्हणाल्या. "मी नेत नाही. मी जातेय."

पानपट्टीवाल्यानं आम्हाला रोज बघितलेलं. तो कात लावता लावता थांबला. पुढं डोळे मिटलेला माणूस, मागं आंधळी बाई, त्यांच्यामागं हात पसरलेले आम्ही दोघं. त्यानं इराप्पाला कन्नडमध्ये विचारलं, "ह्यात कोण कुणाला नेतंय?"

इराप्पा त्याला म्हणाला, "गप्प बस, बघ नुसतं."

चारशे पावलं. अण्णांच्या चालण्यात आता चाचपडणं नव्हतं. आजाराच्या आधी चहाला निघायचे तसे चालत होते, उजवा खांदा किंचित पुढं काढून. थांब्याच्या लोखंडी खांबापाशी आले, हात पुढं केला, खांबावर ठेवला. बरोबर तिथंच.

"पोचलो," ते म्हणाले.

सुमित्राक्कांनी कोपर सोडलं. इराप्पाच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी. मला काही सुचेना म्हणून मी टाळ्या वाजवल्या. थांब्यावरची अनोळखी माणसं आमच्याकडं बघायला लागली.

अण्णांनी डोळे उघडले. डावीकडं बघितलं. उजवीकडं बघितलं. समोरच्या दुकानाची पाटी वाचली. मागं वळून, आपण आलो तो रस्ता नीट बघितला, पहिल्यांदाच बघितल्यासारखा.

मग अक्कांच्या कानाजवळ वाकून, चारचौघांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं,

"सुमित्राक्का, आपण कुठं आलो?"